‘विशेष काही?’ विचारण्याआधी

नव्या सुनेचा पहिला दिवाळसण झाला की आपल्या भागात एक प्रश्न सुरू होतो. मराठी पाहुणे विचारतात, "काय, विशेष काही?" कन्नड पाहुणे विचारतात, "एनर विशेष ऐतेन?" भाषा दोन, शब्द मात्र तोच. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, मराठी. सासर धारवाडकडचं, घरात सगळं बोलणं कन्नडमधून. त्यामुळे लग्नानंतरची चार वर्षं हा प्रश्न मी दोन्हीकडून ऐकला आणि त्यावरचे उपायही दोन्हीकडून ऐकले.

माहेरी सांगायचे, पपई उष्ण, तीळ उष्ण, अननसाला हात लावू नकोस. सासरी सांगायचे, सोमवार धर, शुक्रवार धर, चतुर्थी तर सोडूच नकोस. सगळे मायेनंच सांगत होते. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस माझ्या पोटात साबुदाणा आणि चहा याखेरीज फारसं काही जात नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काल दिवसभरात काय खाल्लंत?" मी आठवून सांगितलं. सकाळी दोन वेळा चहा. दुपारी सगळ्यांचं आटोपल्यावर भात आणि सार. रात्री रोट्टी आणि चटणी, कारण पल्ल्या तोवर संपलेली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ असावं लागतं. दारी आलेल्या कुणालाही आपण "ऊट आतेनरी?" विचारल्याशिवाय राहत नाही. घरातली सून जेवली का, काय जेवली, हे विचारणारं मात्र कुणी नव्हतं.

हे माझ्या एकटीचं गाऱ्हाणं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. यांतल्या कितीतरी जणी त्याच अवस्थेत आई होतात. दिवस गेल्याचं कळल्यावर मग घरात डिंकाचे लाडू होतात, दूध वाढतं, डोहाळे पुरवले जातात. हे सगळं चांगलंच, पण त्याला थोडा उशीर झालेला असतो.

तो का, हे मला तेव्हा समजलं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा यांचा पाया ज्या मज्जानलिकेतून तयार होतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकली, तपासणी केली, घरात सांगितलं, एवढं होईपर्यंत ते काम बहुधा उरकलेलंही असतं. त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड लागतं. म्हणून मूल हवं असं ठरवलं की गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून ते तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यायला सांगतात. मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला असा दोष असेल, तर मात्रा वेगळी असते. ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गावांतही यावर मोठा अभ्यास झाला. तो चार देशांत चालला होता आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही बायकांना गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून, काहींना गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पूरक आहार दिला, काहींना दिला नाही. तो मिळालेल्या दोन्ही गटांतल्या आयांची बाळं न मिळालेल्यांच्या बाळांपेक्षा लांबीला जास्त भरली.

आता खायचं काय? त्यासाठी महाग डबे नकोत. आपल्या दोन्ही स्वयंपाकघरांत भरपूर आहे. मेथी, राजगिरा, शेपू, पुंडीपल्ल्या म्हणजे आपली अंबाडी, यांपैकी एक पालेभाजी रोज हवी. ती फार उकळून पाणी फेकून देऊ नये, त्यातलं फॉलिक अ‍ॅसिड पाण्याबरोबर जातं. मूग, मटकी, चवळी यांची उसळ हवी. नाचणीची अंबली उत्तम, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. जोळद रोट्टीबरोबर कारळ्याची किंवा अगशीची चटणी घ्या. कोसंबरीवर लिंबू पिळा, त्यानं डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर तो लोह अडवतो, मध्ये तासभर जाऊ द्या.

शाकाहारी घरांत बी-१२ कडे लक्ष हवं. ते भाजीपाल्यात नसतं, दूध-दही-ताकातून मिळतं, तरीही पुष्कळदा कमी पडतं. तपासून घ्या. चालत असेल तर अंडी, मासळी खा. वजन जास्त आणि पाळी अनियमित असेल तर पाच-दहा टक्के वजन उतरल्यानंही पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते. उपास करून नव्हे, भात आणि गोड आवरून, चालून.

हे सगळं बाईनंच करायचं असंही नाही. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या उदाहरणांत पुरुषाकडच्या कारणांचा वाटा असतो. पुरुषबीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. गुटखा, तंबाखू, दारू आज सोडली तर फरक तेवढ्यानं दिसतो. तपासणी दोघांचीही व्हावी. वर्षभर वाट पाहून, आणि बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, डॉक्टरांना गाठावं.

मला पुढे दीड वर्षानं मुलगी झाली. ती भाजी-भाकरीमुळे झाली असं मी म्हणणार नाही. थायरॉईडही निघाला होता, त्याची गोळी चालू होती. नीट जेवूनही मूल न झालेल्या मैत्रिणी मला आहेत. त्यांच्या ताटात काही कमी होतं असं कुणी म्हणू नये. पण जिन्याच्या चार पायऱ्या चढताना लागणारी माझी धाप थांबली, ती त्या जेवणानंच. मूल होवो वा न होवो, एवढा हक्क प्रत्येक बाईचा आहे.

यंदा पुतणीचं लग्न झालं. तिच्या सासरी ओटी भरायला गेले तेव्हा विहीणबाईंना म्हटलं, "अक्का, विशेष काही विचारू नका. रात्री तिला आपल्या पंगतीला बसवा, आणि पल्ल्या आधी तिच्या ताटात वाढा."