आधी विहीर

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या दापोली-मंडणगडची दैना करून गेलं. मी तेव्हा रत्नागिरीत होतो, लॉकडाऊनमध्ये. आमच्या गावी, आंजर्ल्याला, एकही फोन लागेना. पाचव्या दिवशी परवानगी काढून, पडलेली झाडं चुकवत वाडीत पोचलो.

वाडी नव्हतीच. पंचवीस गुंठ्यांत तीनशे पोफळी आणि तीस माड होते. उभ्या होत्या अकरा पोफळी आणि चार माड. शाळेतली नोकरी संपल्यावर वडिलांनी एकेक रोप स्वतः लावलं होतं. पोफळी मधोमध पिचून पडल्या होत्या, दोन माड विहिरीवर आडवे. कित्येक वर्षांत त्या वाडीत पुरतं ऊन पडलं नव्हतं. त्या दिवशी डोळे उघडवत नव्हते.

आम्ही ख्रिस्ती. उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलो की संकटांनी विश्वास वाढतो, असं मी ठणकावून सांगत आलो होतो. त्या रात्री बायकोनं कंदिलाच्या उजेडात प्रार्थना केली आणि मला साधं ‘आमेन’ म्हणता आलं नाही. पुढे कित्येक महिने आलं नाही. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी, फोन लागायला लागल्यावर, यात देवाची काहीतरी योजना असेल म्हणून समजावलं. माणूस प्रेमळ, मनापासून बोलत होता. मी मध्येच फोन ठेवला.

शेजारच्या तात्यांच्या घराची निम्मी कौलं उडाली होती. तरी मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोयता घेऊन आमच्या गडग्यापाशी उभे. म्हणाले, “भाऊ, आधी विहीर मोकळी करू. बाकीचं मग बघू.” चार दिवस आम्ही दोघं माड तोडत होतो. देवाचं नाव त्यांनी काढलं नाही, त्यांच्या देवाचंही नाही आणि माझ्याही नाही. वीज महिनाभर आली नाही, पण त्या विहिरीवर आळीतल्या सहा घरांचं पाणी भागलं.

सरकारनं बागांना हेक्टरी पन्नास हजार जाहीर केले. पंचवीस गुंठ्यांना त्यातले किती येणार, हिशेब सोपा होता.

त्या पावसाळ्यात मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायला घेतलं. त्यांचे पती नारायण वामन टिळक आमच्याच दापोली तालुक्यातले, जन्म करजगावचा, १८६१ चा. त्यांची गीतं ‘उपासनासंगीता’तून आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. पण मला त्या दिवसांत टिळक नको होते, लक्ष्मीबाई हव्या होत्या. नवऱ्यानं १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि या बाईंच्या पायाखालची जमीन गेली. चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. राग, सोवळं-ओवळं, हट्ट, रडणं, सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. नंतर ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यावर पांघरूण घातलं नाही. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो त्यांच्या चालीनं. विश्वासाला इतका वेळ लागू शकतो आणि तो वेळ वाया गेलेला नसतो, हे मला आयुष्यभर ऐकलेल्या प्रवचनांत सापडलं नव्हतं.

मग बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघडलं. त्याचं सर्वस्व गेल्यावर त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले आणि तिथेच चुकले. हे मी दहा वेळा वाचलं असेल. कळलं तात्यांना आठवल्यावर.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा लावणी केली. पोफळीचं कोवळं रोप उघड्या उन्हात करपतं, म्हणून आधी केळी लावल्या आणि त्यांच्या सावलीत, नऊ-नऊ फुटांवर, रोपं. शेवटचं रोप लावून हात धुताना मी ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हटलं. ठरवून नाही. बायकोनं वळून पाहिलं आणि ती पुन्हा शिंपायला लागली.

आता त्यातल्या काही पोफळींना पहिली पोय आली आहे. माझा विश्वास वाढला का, ते मला मोजता येत नाही. साक्ष द्यायला उभा राहतो तेव्हा ते जुनं वाक्य मी म्हणत नाही, विहिरीची गोष्ट सांगतो.

तुमच्या ओळखीत कुणाचं घर, वाडी, माणूस गेलं असेल, तर निदान पहिले सात दिवस त्याला देवाची योजना समजावू नका. कोयता घेऊन जा.