फ्लॅश भरेपर्यंत
१९९७ साली खराडी पुणे महापालिकेत आली, पण लग्नं पुढे बरीच वर्षं गावच्याच पद्धतीनं लागत होती. दारापुढे मांडव, नगर रोडवरून वऱ्हाडाचे टेम्पो, गोरज मुहूर्त, आणि तो हमखास टळल्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात पडणाऱ्या अक्षता. त्या उजेडात १०० आयएसओचा रोल घेऊन फोटोग्राफरनं करायचं काय? त्याची सगळी भिस्त फ्लॅशवर, आणि फ्लॅशची चार पेन्सिल सेलवर.

माझा मामा चंदननगरचा फोटोग्राफर. सुट्टीत त्याची बॅग उचलायचं काम माझ्याकडे. एक फोटो मारला की फ्लॅशमधून शिट्टी सुरू व्हायची. सेलच्या सहा व्होल्टचे तीनशेच्या वर व्होल्ट करून ते कपॅसिटरमध्ये भरायचे, तो हा आवाज. सूर चढत चढत इतका बारीक व्हायचा की ऐकूच येईनासा, आणि मग मागचा लाल दिवा लागायचा. नव्या सेलवर आठ-दहा सेकंद. अर्धा रोल संपेपर्यंत त्याच्या दुप्पट, कारण साध्या सेलकडे एका दमात जास्त करंट मागितला की तो बसतो. शिवाय तो दिवाही थोडा लबाडच! कपॅसिटर पुरता भरायच्या आधीच लागतो. घाईनं बटण दाबलं की फोटो काळपट. म्हणून दिवा लागल्यावरही मामा क्षणभर दम धरायचा.

हे आठ-दहा सेकंद लोकांना कळू द्यायचे नाहीत, हीच त्याची खरी कला. ‘काकू, पदर सरळ करा.’ ‘नवरदेव, मुंडावळ्या डोळ्यावर आल्यात.’ ‘आजोबा, टोपी काढलीत ती काय म्हणून?’ मुंडावळ्या जागच्या जागी असायच्या. फ्लॅश भरत असायचा. मंगलाष्टकं सुरू झाली की मात्र कुणी कितीही हाक मारली तरी तो फ्लॅश उडवायचा नाही. शेवटचं ‘सावधान’ आणि अंतरपाट खाली येणं यात दुसरी संधी नसते. तो एक भरलेला फ्लॅश त्यासाठी राखलेला.

मग बॅटरी पॅक आला. बड्या स्टुडिओवाल्यांकडे जर्मन मेट्झचा ६० मालिकेचा फ्लॅश असायचा, मुळातच खांद्यावरच्या बॅटरीवर चालणारा. मामाचा पॅक पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका कारागिरानं जुळवलेला. आत इमर्जन्सी दिव्यात असते तसली सहा व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, वरून रेक्झिनचं कव्हर, आणि टेलिफोनसारखी गुंडाळीची वायर. फ्लॅश तोच, पण आता तीन-चार सेकंदांत तयार. वजन मात्र माझ्या खांद्याला, त्यामुळे मामाच्या मागे वायरभर अंतर राखूनच मी मांडवात फिरायचो. वरात नाचायला लागली की आमचीही फुगडी. आणि आदल्या रात्री वीज गेली, तर पॅक अर्धवट भरलेला आणि पुन्हा पेन्सिल सेल आहेतच.

त्याहून वरचे पॅक, उदाहरणार्थ अमेरिकन क्वांटम टर्बो, सहा व्होल्टच्या भानगडीतच पडत नसत. ते तीनशेच्या वरचा दाब थेट कपॅसिटरला देत. पण फ्लॅश भराभर उडायला लागला की पुढची प्लास्टिकची काच पिवळी पडायची, कधी वितळायची. असा फ्लॅश दुरुस्तीला उघडला की तापकीर गल्लीतला तो कारागीर आत उरलेला दाब उतरवायला आधी स्क्रूड्रायव्हरनं कपॅसिटरची दोन टोकं जोडायचा. फट्ट आवाज, निळी ठिणगी. मगच आत बोट.

आज खराडीत इऑन आयटी पार्कच्या इमारती उभ्या आहेत, आणि लग्न लॉनवर नाहीतर हॉटेलच्या हॉलमध्ये. फ्लॅशच्या पोटातच लिथियमची बॅटरी. गोडॉक्स व्ही-वनसारख्या फ्लॅशला ७.२ व्होल्टची असते आणि पूर्ण ताकदीनं उडवूनही दीड सेकंदात तो पुन्हा हजर. तरी सगळं श्रेय बॅटरीला देणं मला पटत नाही. अर्धं काम कॅमेऱ्यानं केलंय. १०० च्या जागी १६०० आयएसओ लावलं की फ्लॅशला पूर्वीच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच प्रकाश टाकावा लागतो. भरायला असतंच काय? अंतरपाट खाली येताना आताची फोटोग्राफर पोरं सेकंदाला दहा-दहा फोटो काढतात. राखून ठेवायची वेळच येत नाही. मंगलाष्टकंभर लखलखाट चालू असतो आणि भटजी वैतागलेले असतात. काकूंचा पदर आता कुणी सरळ करायला सांगत नाही. तो नंतर संगणकावर होतो.

नाही म्हणायला एक अडचण उरलीय. रिसेप्शनला स्टेजवर पाहुण्यांची रांग लागली आणि पूर्ण ताकदीनं सलग फ्लॅश उडवला की तो तापतो. नवे फ्लॅश जुन्यांसारखे वितळत नाहीत, स्वतःच सावध होऊन हळू भरायला लागतात. तेवढ्यापुरता फोटोग्राफर पोरगा बावचळतो, पाहुण्यांकडे बघून नुसतं हसतो. परवा अशाच एका ठिकाणी मी रांगेत होतो. मीच नवऱ्याला म्हटलं, ‘फेटा जरा डावीकडे कललाय बघ.’