दोन खंजीर, चार हात

‘मॅकबेथ’ म्हणजे महत्त्वाकांक्षेचं नाटक, हे पाठ्यपुस्तकांनी इतक्या पिढ्यांच्या डोक्यात भरवलंय की माझ्या नाट्यवर्गातला प्रत्येक नट मॅकबेथचा पहिला प्रवेश छाती पुढे काढूनच करतो. डोळ्यांत हाव आणि आवाजात खर्ज. मी त्याला एक काम देतो. मुकुट मिळाल्यावर आपण काय काय करू, हे मॅकबेथ कुठे बोलतो ते संहितेतून शोधून आण. तो शोधतो आणि हात हलवत परत येतो. ते बोलणं नाटकात नाहीच. शेक्सपिअरचाच तिसरा रिचर्ड घ्या. त्याला प्रत्येक खुनाची चव लागलेली असते, प्रेक्षकांना विश्वासात घेऊन तो पुढचा बेत सांगतो आणि आपण नकळत हसतोही. मॅकबेथला असा आनंद एकदाही होत नाही. इतका नाखूश खुनी रंगभूमीवर दुसरा नसेल.

माझं म्हणणं असं की या नाटकात अपराधाची टोचणी गुन्ह्याच्या आधी येते. पहिल्या अंकाच्या शेवटाकडे राजा डंकन आत जेवतोय आणि यजमान पंगत सोडून बाहेर आलाय. एकटाच उभा राहून तो हिशेब मांडतो. मी याचा नातलग, याचा सरदार, शिवाय आज हा माझ्या घरचा पाहुणा; राजा म्हणूनही माणूस भला. दुसऱ्या पारड्यात टाकायला त्याच्याकडे फक्त स्वतःची झेप घेणारी इच्छा आहे आणि ती पलीकडे तोंडघशी पाडील, हेही त्याला दिसतंय. फिर्यादीचा वकील याहून चांगलं भाषण करणार नाही. ‘आता हे पुढे न्यायचं नाही,’ असं तो बायकोला सांगतो. आणि प्रवेश संपायच्या आत तयार होतो. ती त्याला पाप-पुण्याचं एकही उत्तर देत नाही. ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते, तेवढं पुरतं.

पाहुण्याचा हा मुद्दा शेक्सपिअरने मुद्दाम ओढून आणलाय. खऱ्या मॅकबेथने 1040 मध्ये डंकनला मारलं ते लढाईत. पुढे सतरा वर्षं त्याने स्कॉटलंडवर राज्य केलं आणि 1057 मध्ये तो पडला. त्या काळच्या राजकारणात यात फारसं वावगं नव्हतं. शेक्सपिअरसमोर होता होलिनशेडचा इतिहासग्रंथ. त्याच ग्रंथात डफ नावाच्या दुसऱ्या एका राजाची गोष्ट आहे. डोनवाल्ड नावाचा सरदार बायकोच्या चिथावणीवरून, घरी उतरलेल्या त्या राजाला झोपेत मारवतो. शेक्सपिअरने ती रात्र उचलून मॅकबेथच्या वाड्यात आणली. होलिनशेडमध्ये मॅकबेथचा साथीदार बँको कटात सामील आहे; नाटकात तो स्वच्छ आहे, कारण 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज समजत असे. राजाची मर्जी सांभाळली गेली, हे खरं. पण नाटककाराचा फायदा त्याहून मोठा. साथीदार गेला, सतरा वर्षांचा बरा कारभार गेला, उरलं एक नवराबायकोचं घर आणि त्यात झोपलेला म्हातारा.

खून रंगमंचावर दिसत नाही. ग्रीकांचीही हीच रीत: अॅगामेम्नॉन राजवाड्याच्या आत मरतो, आपल्याला ओरडणं ऐकू येतं, मग प्रेतं आणि त्यांच्याशेजारी उभी त्याची खुनी बायको क्लायटेम्नेस्ट्रा दिसते. पण ती ताठ मानेनं कबुली देते. मॅकबेथ बाहेर येतो तो थरथरत, आणि दोन्ही खंजीर हातात घेऊन. बेत असा होता की ते राजाच्या झिंगलेल्या सेवकांजवळ टाकायचे, म्हणजे आळ त्यांच्यावर येईल. दुसऱ्या अंकाचा हा दुसरा प्रवेश बसवताना दिग्दर्शकाची खरी परीक्षा लागते. कारण संहितेप्रमाणे बायकोला खंजीर ताबडतोब दिसत नाहीत. दोघं तुटक बोलतात, कोण बोललं, कसला आवाज आला. तो सांगतो की शेजारच्या खोलीत कुणी झोपेतून जागं होऊन प्रार्थना म्हणालं आणि माझ्या घशातून ‘आमेन’ निघेना. मग झोपेचाच खून झाल्याचं ओरडणारा आवाज. एवढं सगळं झाल्यावर ती विचारते, हे इथे कशाला आणलेस?

मग इतका वेळ खंजीर कुठे होते? काही नट ते पाठीमागे धरतात. ते मला पटत नाही, लपवायचं भान त्याला आहेच कुठे? मी उजेड इतका कमी ठेवतो की तिला फक्त त्याचा चेहरा दिसावा आणि नटाला सांगतो, हात तुझे आहेत हेच विसर. प्रेक्षकांना पाती दिसतात, तिला दिसत नाहीत. परत आत जायला तो नकार देतो. ज्याने तलवारीने माणसं उभी चिरली, तो निजलेल्या प्रेताकडे पाहू शकत नाही. मग ती खंजीर घेऊन आत जाते आणि लाल हातांनी परत येते. आता चारही हात सारखे. फरक एवढाच की त्याला सगळे समुद्र अपुरे वाटतात आणि तिला थोडंसं पाणी पुरेसं वाटतं.

इथे धंद्यातली एक गंमत सांगतो. दारावर ठोठावणं सुरू होतं, दोघं आत पळतात आणि झिंगलेला दरवान येऊन बडबडतो. तो स्वतःला नरकाचा द्वारपाल समजतो आणि दुतोंडी शपथा घेणाऱ्या एकाला आत घेतो. त्यात 1605 च्या दारूगोळ्याच्या कटाशी नाव जोडून 1606 मध्ये फाशी दिलेल्या हेन्री गार्नेट या पाद्र्याकडे बोट आहे, असं अभ्यासक मानतात. डी क्विन्सीने त्या ठोठावण्यावर 1823 मध्ये एक सुंदर निबंध लिहिला. आम्हा नाटकवाल्यांना मात्र दरवान वेगळ्याच कारणासाठी प्रिय. त्याची बडबड चालू असताना विंगेत बादली आणि टॉवेल तयार असतो. समुद्राला न धुता येणारे हात तिथे खसाखसा धुऊन, रात्रीचा झगा चढवून, मॅकबेथ वेळेवर एन्ट्री घेतो.

पुढे या जोडप्याच्या वाटा एकमेकींना छेदून उलट दिशांनी जातात. बँकोला मारायचा बेत तो बायकोला सांगतच नाही. तुला ठाऊक नसलेलंच बरं, म्हणतो. समीक्षक तिच्या कोसळण्याची कारणं तिच्या स्त्रीस्वभावात शोधतात. मला ते या वाक्यात दिसतं. त्या एका रात्रीपुरती ती बरोबरीची होती, आता तिची गरज संपली. मेजवानीत बँकोचं भूत दिसल्यावर ती त्याला सावरते, पाहुण्यांना घालवते, आणि नंतर सबंध चौथ्या अंकात ती नाही. त्याच अंकात मॅकडफ या सरदाराची बायको आणि मुलं मारली जातात. मॅकबेथ या वेळी कसलाही हिशेब मांडत नाही.

पाचव्या अंकात ती झोपेत चालत येते, हातात दिवा, कारण अंधार तिला सोसत नाही. पहिल्या अंकात याच बाईने काळोखाला आवतण दिलं होतं. पद्य संपून तुटकं गद्य आलंय. सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषी-वैद्याने 1611 मध्ये ग्लोब नाट्यगृहात हा प्रयोग पाहून टिपण ठेवलं. त्यात हातांवरचं न जाणारं रक्त आहे, आणि राणीचे शब्द डॉक्टर टिपून घेतो हेही आहे. वैद्याची नजर वैद्याकडे गेलीच! मला त्या बोलण्यात सर्वांत जास्त हलवते ती मॅकडफच्या बायकोची आठवण. ती कुठे आहे आता, असं ही विचारते. त्या खुनात हिचा हात नव्हता. कुठल्याही कोर्टाने हिला त्यातून मोकळं केलं असतं.

आपल्याकडे काळकर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी हे नाटक ‘मानाजीराव’ म्हणून आणलं, शिरवाडकरांनी 1954 मध्ये ‘राजमुकुट’ म्हणून, आणि त्यात दुर्गा खोट्यांनी ही राणी उभी केली. विशाल भारद्वाजच्या ‘मकबूल’मध्ये (2003) राजवाड्याच्या जागी मुंबईची टोळी आली आणि बायकोच्या जागी डॉनची रखेल. तिथे इच्छेत प्रेम मिसळलंय, त्यामुळे मकबूलची कीव येते. मूळ मॅकबेथची कीव करणं अवघड.

पाचव्या अंकात बायका आत रडतात तेव्हा तो सांगतो की असा आवाज ऐकून एके काळी माझे केस उभे राहत, आता भीतीची चवही विसरलोय. मग राणी गेल्याचं कळतं. आपले नट इथे हमखास रडतात, मी रडू देत नाही. दुःख करायची शक्तीच उरली नाही, ही त्याची शिक्षा आहे.

तरी शेवटी एक जागा अशी आहे की तिने माझा सिद्धांत दरवेळी डळमळतो. मॅकडफ समोर येतो तेव्हा मॅकबेथ आधी त्याला परत जायला सांगतो. तुझ्या माणसांच्या रक्ताचं ओझं माझ्या जिवावर आधीच फार झालंय, म्हणून इतका वेळ तुलाच टाळत होतो, असं म्हणतो. म्हणजे ते सगळं आत कुठेतरी शाबूत होतं? बाईच्या पोटी जन्मलेल्या कुणाच्या हातून आपल्याला मरण नाही, या भाकितावर त्याचा भरवसा आहे, आणि मॅकडफ आईचं पोट फाडून जन्मलाय, हे त्याला अजून कळलेलं नाही. तेव्हा ही भीती नव्हे. तलवारबाजी बसवायच्या घाईत अनेक जण ही ओळ कापतात. मी ठेवतो, आणि नटाला तेवढ्यापुरती तलवार खाली घ्यायला सांगतो.