सदतीसपैकी एकवीस

मागच्या वर्षी ऑनसाइटला न्यू जर्सीत होतो. तिथल्या माझ्या एका चुलत-चुलत भावाला वंशावळीचं भारी वेड. आमचे खापरपणजोबा एकच. मग काय, एका रविवारी दोघांनी गालाच्या आतून काडी फिरवली आणि पाकिटं पोस्टात टाकली.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. आमच्या भाषेत, प्रत्येक नोडला एकच पॅरेंट पॉइंटर. त्यावरचे 37 मार्कर तपासले. कुळ एक असेल तर 33 तरी जुळावेत असा ढोबळ नियम. आमचे जुळले 21! हॅप्लोग्रुपही वेगळे, त्याचा आर1ए, माझा एच. म्हणजे बापाच्या बाजूने कित्येक हजार वर्षांत आमचा काही संबंध नाही.

भाऊ गप्प, मीही गप्प. डोक्यात नको ते विचार... कुठल्या पणजीवर संशय घ्यायचा?

गेल्या शनिवारी सोलापूरला आलो. बाबा चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर त्यांना घ्यायला गेलो आणि हायवेवरच्या टपरीवर चहा घेताना सांगून टाकलं.

बाबा हसायलाच लागले. "अरे, आजोबा दत्तक होते. त्यांच्या मामानेच घेतलं होतं त्यांना."

"बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"त्यात सांगण्यासारखं काय? ते मामालाच बाप म्हणायचे."

असो. दत्तक भाऊकीतला असला तर वाय तोच राहतो. 1875 साली बडोद्याला दत्तक गेलेले सयाजीराव कवळाण्याच्या गायकवाडांपैकीच होते. मामाने घेतलं की मात्र साखळी तुटते. रिपोर्ट तेवढंच सांगतो. का तुटली ते नाही. कोणाच्या बाजूला तुटली हेसुद्धा दोन नमुन्यांवरून कळत नाही, भाऊकीतला तिसरा लागतो. आणि मी थेट पणजीवर घसरलो होतो!

गंमत पुढेच आहे. मामा म्हणजे आजोबांच्या आईचा सख्खा भाऊ. म्हणजे खापरपणजोबा आमचेही रक्ताचेच, फक्त त्यांच्या मुलीकडून आलेले. वायला ती वाट दिसतच नाही. दहा पिढ्या मागे पूर्वजांच्या 1024 जागा असतात, वाय त्यातल्या एकाचीच हकीकत सांगतं.

रात्री भावाला फोन केला. म्हटलं, वंशावळीत सगळे पुरुषच आहेत. एक बाई घालायची राहिलीय.