तिसरी ओळ धरून

हरसूलला आमचे बुद्धिबळाचे डाव घड्याळाविना चालतात. भाताची लावणी उरकली की दुपारी पट मांडायचा, भोवती बसलेल्यांनी मोठ्यानं चाली सुचवायच्या आणि अंधार पडला की उठायचं. वाघेऱ्याच्या घाटानं नाशिकला मानांकन स्पर्धेला गेलो, तेव्हा हे सगळं मागे राहिलं. तिथे ९० मिनिटं, प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर आणि सभागृहात चिडीचूप.

स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला वरच्या अर्ध्या यादीतला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी खेळतो, त्यामुळे तगडा खेळाडू सुरुवातीलाच समोर येतो. माझं रेटिंग १५००, समोरच्या कॉलेजातल्या मुलाचं १९००. इलोच्या गणितानं ४०० चा फरक म्हणजे दहा डावांत माझ्या वाट्याला जेमतेम एक गुण.

मोठ्या रेटिंगवाल्याची ताकद कशात असते, ते मला त्या दिवशी कळलं. त्यानं डोळे दिपवणारं काही केलं नाही. घोडा जरा बऱ्या घरात नेला, हत्ती मोकळ्या पट्टीत आणला आणि माझा धीर सुटायची वाट पाहिली. मीही घाई केली नाही. वजीर गेले, उंट-घोडे गेले. शेवटी दोघांचा एकेक हत्ती उरला आणि त्याचं एक प्यादं जास्त.

इथे फिलिडोर कामी आला. अठराव्या शतकातल्या या फ्रेंच खेळाडूची रीत अशी: आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा करायचा आणि हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या आडव्या ओळीत ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. राजाला लपायला प्याद्याचा आडोसा उरलेला नसतो. त्या मुलानं बराच वेळ खल केला, प्यादं पुढे ढकललं, माझे शह सुरू झाले. अखेर त्यानं हात पुढे केला.

“सर, तिसरी ओळ तुम्ही सोडलीच नाहीत,” तो म्हणाला. मग आम्ही बाहेर बसून अख्खा डाव पुन्हा लावला. हरसूलला इतकं शिकवणारं कुणी मला भेटलं नव्हतं.

त्या बरोबरीनं माझं रेटिंग आठेक गुणांनी वाढलं. नाशिकच्याच विदित गुजराथीनं २०२४ च्या टोरंटोतल्या कँडिडेट्स स्पर्धेत आपल्याहून साठेक गुणांनी वरच्या हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं, हे मी आता वर्गात अभिमानानं सांगतो.

आमच्या भागातल्या शिक्षकांना एकच विनंती आहे. शाळेत पट असतोच. एक बुद्धिबळाचं घड्याळ आणा, मुलांना चाली लिहायला लावा आणि त्यांना नाशिकच्या स्पर्धांना न्या.