ज्वारीची पिशवी

होळी होऊन आठवडा लोटला होता. बारामतीहून पहाटे निघालेली मोटार भिगवणच्या रस्त्याला लागली, तेव्हा मागच्या आसनावर दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. एक कॅमेऱ्याची लांबलचक लेन्स आणि दुसरी मांजरपाटाची, ज्वारीने भरलेली पिशवी. लेन्सची किंमत घरात सर्वांना पाठ होती. दिवाळीपासून तिच्यावरून वाद चालला होता. तेवढ्या पैशात गोदामावर नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला असता, असे मुलीच्या वडिलांचे म्हणणे. पिशवी मात्र दादाजींनी स्वतः शिवून घेतली होती, आणि तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते.

नावेत तिपाई उभी राहत नाही, म्हणून पक्ष्यांची छायाचित्रे काढणारे लोक काठावर धान्याची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवतात. 'कोणतेही धान्य चालेल,' असे नात म्हणाली होती. पन्नास वर्षे भुसार आडतीवर काढलेल्या माणसाला हे पटणे शक्यच नव्हते. मोहरी शिवणीतून गळते, हरभरा लेन्सखाली खडखड हलतो, तांदूळ दबून दगडासारखा बसतो. ज्वारी मात्र गोल आणि हलकी; जे टेकवावे त्याचा आकार घेते. दादाजींनी मालदांडी ज्वारी निवडली, पाखडून घेतली आणि तीन किलो भरली. नातीबरोबर येण्याचे कारणही त्यांनी तेच सांगितले: 'माल दिला आहे, तो कसा लागतो ते बघतो.' खरे कारण वेगळे होते. दीड लाखाची वस्तू नेमके काय आणते, ते त्यांना एकदा समक्ष पाहायचे होते.

कुंभारगावच्या काठावर नाव तयार होती. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. त्या गावांतली माणसे वर सरकली. काहींनी मासेमारी पत्करली. आज त्यांतलेच कित्येकजण हिवाळा ते उन्हाळा या दिवसांत पाहुण्यांना पक्षी दाखवतात. नावाडीकाका अशांपैकीच एक. पाणी कुठे कंबरभर आहे, कुठे गाळात पाय रुततो, कोणता पक्षी कालपासून दिसेनासा झाला, हे सारे त्यांच्या तोंडी होते. फाल्गुनात कालव्यांना पाणी सुटून जलाशय ओसरतो, काठाशी उथळ चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलावर रोहित पक्ष्यांची पंगत बसते.

सूर्य वर आला. दादाजींची नवकारशी असल्याने अठ्ठेचाळीस मिनिटे व्हायची होती; ते हातातल्या घड्याळाकडे पाहत होते. तेवढ्यात नावेभोवती पांढऱ्या पक्ष्यांचा कलकलाट सुरू झाला. कुरव पक्षी. मागच्या नावेतील मंडळी शेवेच्या पुड्या फोडून मुठी उधळत होती, आणि पक्षी वरच्या वर झेल घेत होते. दादाजींचा चेहरा उजळला. आजवर कोणत्याही पाखराला दाणा घातल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू झालेला नव्हता. त्यांनी पिशवीतून घरच्या गाठ्यांचा डबा काढला.

'नको, दादाजी.'

'खाणारे आपल्यापाशी आलेत, बेटा. परत कसे पाठवायचे?'

'त्यात मीठ आहे, तेल आहे. आणि ते मासे पकडायचे सोडून नावांमागे फिरायला लागतात. त्यांच्या डोक्याकडे बघा.'

दादाजींनी पाहिले. काही पक्ष्यांचे डोके पांढरे होते, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. काहींचे मात्र पूर्ण तपकिरी, जणू बुरखा ओढलेला. नातीने सांगितले की हा वसंताचा रंग. विणीचा काळ जवळ आला की या कुरवाचे डोके तपकिरी होऊ लागते, आणि ते पुरते रंगले की त्याने निघण्याची तयारी केली असे समजावे. त्याला जायचे असते हिमालयापलीकडच्या उंच सरोवरांकडे. त्या प्रवासाची शिदोरी त्याला येथल्या माशांमधून अंगात साठवायची असते. शेवेने पोट भरते, शिदोरी होत नाही.

दादाजींनी डबा मिटला, पण ते दुखावले. दान नाकारले गेल्याचे दुःख घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला अधिक होते, आणि ते सहसा बोलूनही दाखवता येत नाही. पुढची दहा मिनिटे ते पाण्याकडे पाहत बसले. पट्टकदंब हंसांची एक लहानशी टोळी दूरच्या गवतावर चरत होती; डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले हे हंस तिबेट-लडाखकडून येतात आणि हिमालय ओलांडून परत जातात. हिवाळ्यात येथे त्यांचे मोठाले थवे असतात. आता मागे राहिलेले थोडेच. 'हे शेवटचे गिऱ्हाईक,' दादाजी पुटपुटले. नात हसली, आणि रुसवा संपला.

रोहित दिसले ते आधी एका फिक्या गुलाबी रेघेसारखे. नावाडीकाकांनी इंजिन बंद करून बांबू हाती घेतला. बरेच अंतर राखून नाव थांबली. पक्षी माना खाली घालून चरत होते. चोच उलटी धरून पाणी आत ओढायचे, गाळून बाहेर सोडायचे, आणि आत राहिलेले बारीक जीव आणि शेवाळ गिळायचे. त्या अन्नातल्या रंगद्रव्यांनीच त्यांना गुलाबी रंग चढतो. दादाजींना ही चाळणी फार आवडली. धान्य चाळणाऱ्या माणसाला चाळणी कुठेही ओळखू येते.

या पक्ष्याचे मराठीत दुसरे नाव अग्निपंख. पण उभ्या पक्ष्यात अग्नी कुठेच दिसत नाही. पंख मिटलेले असताना तो पांढुरका, फार तर मळकट गुलाबी. ज्वाळेसारखा लाल रंग आणि त्याच्या कडेची काळी किनार पंख उघडल्यावरच प्रकटते. म्हणून पुष्कळांना बसलेला रोहित नकोच असतो. त्यांना उडणारा हवा असतो.

नावाडीकाकांनी अदबीने विचारले, 'ताई, जवळ घेऊ का? दोन वल्ही मारली की उठतील सगळे. मोठे साहेब लोक तेच मागतात.'

'नको, काका. चरू द्या.'

ती पिशवीवर लेन्स टेकवून, जवळजवळ पाण्याच्या पातळीशी डोळा आणून बसली. दादाजींच्या अंदाजाप्रमाणे ज्वारीने लेन्सला घट्ट धरले होते. वीस मिनिटे गेली. आणि मग डाव्या बाजूने दुसरी एक नाव, इंजिन चालू ठेवूनच, सरळ थव्यात शिरली.

शेकडो पक्षी एकदम धावू लागले. पाण्यावर पायांची टपटप, मग पंखांचा खळाळ, आणि क्षणात सारे आकाश लाल-काळे झाले. दादाजी नावेत अर्धे उभे राहिले. असे दृश्य त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. त्यांच्या तोंडून नकळत 'वाहवा' निघून गेले. शेजारी कॅमेऱ्याचा आवाज एकसारखा चालू होता.

थवा दूरच्या काठाला उतरला. दुसऱ्या नावेतली मंडळी समाधानाने परत फिरली. नात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा आनंदाचा नव्हता.

'मिळाला?' दादाजींनी विचारले.

'मिळाला. आजवरचा सगळ्यात चांगला.' थोडे थांबून ती म्हणाली, 'मी त्यांना उठवले नाही. पण उठवल्यावर बोट मात्र थांबले नाही.'

दादाजींनी तिला धीर दिला नाही, रागेही भरले नाहीत. बाजारात हा प्रश्न त्यांच्यापुढे पुष्कळदा आला होता. पहाटे एखादा माणूस अनोळखी पोती निम्म्या भावात आणून टाकतो. चोरी तुम्ही केलेली नसते, माल मात्र उत्तम असतो. 'चोरट्याने आणलेले घेणे हाही अचौर्याचा अतिचारच धरला आहे,' ते म्हणाले, आणि लगेच जोडले, 'पण वाहवा तर मीही म्हटले.'

दहानंतर ऊन तापून पाण्यावर हवा थरथरू लागली. अशा हवेत दूरच्या पक्ष्याची कड स्पष्ट येत नाही. दुपार एका कडुनिंबाखाली दशम्या, शेंगादाण्याची चटणी आणि घरून आणलेले उकळलेले पाणी यांवर गेली. भिगवणची ख्याती माशांच्या खानावळींसाठी आहे. रस्त्यावर त्यांच्या पाट्याच पाट्या. दादाजींनी त्या पाट्या वाचल्याच नाहीत, असे म्हणणे बरे.

चार वाजता मंडळी माळरानावर गेली. हा इंदापूर तालुक्यातला कोरडा, खुरट्या गवताचा माळ. पाण्याची समृद्धी पाहून आलेल्या डोळ्यांना येथे काहीच नाही असे वाटते. दूर एका पांगाऱ्याला लाल फुले आली होती आणि तिच्यावर भोरड्या गर्दी करून बसल्या होत्या. दादाजींनी त्या ताबडतोब ओळखल्या. ज्वारी निसवली की माळ्यावर उभे राहून गोफणीने हाकायच्या त्या याच. कोणत्या शिवारात भोरडी जास्त उतरली यावरून आवक किती घटेल याचा अंदाज आडतीवर बांधला जाई. ती टोळांचाही फन्ना उडवते, हे नातीकडून ऐकून त्यांनी मनातल्या मनात जुन्या हिशेबात काहीतरी जमा केले असावे.

एका ठिकाणी माळटिटवी दिसली. ती उठली, थोडी पळाली, परत आली आणि गोट्यांमध्ये खाली बसली. नातीने कॅमेरा उचलला नाही. ती मागे सरली, आणि दादाजींनाही तिने हाताला धरून मागे आणले.

'अंडी असणार,' ती म्हणाली.

दादाजींना आठवले, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, असे शेतकरी म्हणत. येथे जागा उंच की सखल ते त्यांनी पाहायचा यत्न केला. मग लक्षात आले की मुलगी रडत आहे.

मागच्या एप्रिलची गोष्ट. मैत्रिणींबरोबर ती अशाच एका माळावर गेली होती. टिटवीची चार अंडी सापडली. मातीच्या रंगाची, ठिपक्यांची, पाय पडेपर्यंत न दिसणारी. पक्षी परत येऊन बसताना छायाचित्र मिळावे म्हणून ती जवळच आडवी पडून राहिली. भर दुपार होती. टिटवी उन्हात अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवा देते. ती बसते ती ऊब द्यायला कमी, ऊन अडवायला जास्त. तास-दीड तास ती येऊ शकली नाही, फक्त भोवती ओरडत फिरत राहिली. आठवड्याने मुलगी परत गेली, तेव्हा अंडी तशीच होती, आणि टिटवी नव्हती. घरट्यावरची छायाचित्रे अनेक स्पर्धा स्वीकारीतच नाहीत, हे तिला नंतर कळले. घरात तिने कोणालाही सांगितले नव्हते. लेन्सवरून आधीच वाद होता.

दादाजी बराच वेळ बोलले नाहीत. मोटारीपाशी आल्यावर त्यांनी ज्वारीची पिशवी हातात घेऊन दाबून पाहिली, शिवणीशी बोट फिरवले. 'हिला सोंडे लागतील पावसाळ्यात,' ते म्हणाले. 'उन्हात घालत जा. औषध घालू नकोस.'

आणि मग त्यांनी सांगितले. लग्नानंतर दोनचार वर्षांतली गोष्ट. गोदामात गव्हाला किडा लागला होता. फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून, ताडपत्री घालून, दारे-फटी लिंपून गोदाम बंद करायचे. हवेतल्या ओलाव्याने गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. किडीचे पाप लागते म्हणून त्यांच्या आई त्या दिवशी उपवास करीत, आणि गोळ्या ठेवण्याचे काम हमालाकडे असे. पाप अशा रीतीने वाटून घेतलेले. वरच्या झरोक्यात चिमण्यांची घरटी होती. जाळी बाहेरून लिंपण्याआधी आत पाहावे, हे कोणाच्या मनात आले नाही. दादाजींच्याही नाही. गोदाम उघडले तेव्हा पोत्यांवर चिमण्या पडलेल्या होत्या. त्यांनी मोजल्या, अकरा. त्यांची पिल्ले मोजायला ते शिडीवर चढले नाहीत.

'तेव्हापासून तुम्ही सकाळी दाणे घालता?' नातीने विचारले.

'नाही. त्याच्या आधीपासून घालत होतो. तेच तर.'

माळावर वारा सुटला होता. नात म्हणाली की सलीम अलींनी लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, आणि ती कोणती ते विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तेथून त्यांचे पक्ष्यांचे आयुष्य सुरू झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावही त्या चिमणीवरूनच आहे.

'मग त्याने बंदूक सोडली का?'

'नाही, दादाजी. तेव्हाचा अभ्यास पक्षी मारून, त्यांचे नमुने जमवूनच होत असे. त्यांनीही पुष्कळ मारले.'

दादाजींनी मान हलवली. त्यांना बहुधा दुसरे उत्तर हवे होते. पण खोटे उत्तर मिळाले नाही, याचे त्यांना बरे वाटले असावे.

सूर्यास्तापूर्वी त्यांनी मोटारीतच खाखरा आणि दूध घेतले. नातीने दिवसभराची छायाचित्रे दाखवली. चरणारे रोहित, उलट्या चोची, पाण्यातली प्रतिबिंबे, तपकिरी डोक्याचा कुरव. शेवटी ते उडालेल्या थव्याचे: पंखांची लाल-काळी भिंत, आणि खाली कोपऱ्यात अस्पष्ट, दुसऱ्या नावेचे टोक.

'हे टोक कापून टाकता येते?' दादाजींनी विचारले.

'येते.'

'कापणार आहेस?'

तिने अजून ठरवले नव्हते.

बारामती जवळ आली तेव्हा दादाजींनी मुलाला फोन लावला. पेढी त्याच्या हाती देऊन सहा वर्षे झाली होती, आणि गोदामाच्या कामात त्यांनी त्यानंतर लक्ष घातले नव्हते. 'गोळ्या कधी लावणार आहेस?' त्यांनी विचारले. पलीकडून उत्तर आले, शनिवारी.

'शनिवारी मला बोलव. आणि शिडी काढून ठेव.'

'शिडी कशाला?'

'झरोके बघायचे आहेत,' दादाजी म्हणाले, आणि मागच्या आसनावरून घरंगळू पाहणारी ज्वारीची पिशवी त्यांनी उचलून मांडीवर घेतली.