अर्धा दगड

जर्मनीतलं हेरेनबर्ग मागे पडलं की रस्ता मोकळ्या पठारावर येतो. मे महिना, दोन्ही अंगांना तेलबियांची पिवळीधमक शेतं, मध्येच सफरचंदाची झाडं आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी नावाची पिवळी पाटी. गाडी चालवता चालवता नवरा ती नावं मोठ्यानं वाचत होता. सगळी त्यानं आजोबांच्या तोंडून ऐकलेली. आजोबा गुरांचे व्यापारी. इस्राएलच्या समुद्रकाठी बसून ते सांगायचे, कोणत्या गावचा शेतकरी गाईचं दूध फुगवून सांगतो, कोणाचा शब्द म्हणजे शब्द. पुढे होर्ब, खाली नेकार नदी, आणि शेजारच्या खोऱ्यात आजोबांचं गाव, रेक्सिंगेन.

मी बेने इस्राएल, कोकणातली ज्यू. मूळ गाव अलिबागजवळचं नवगाव. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. आम्हीही गाव सोडलं, पण आम्हाला कोणी हाकललं नव्हतं. आजही गेले की शेजारच्या काकू दारातूनच विचारतात, "कधी आलीस गं?" नवऱ्याला तसं विचारणारं रेक्सिंगेनमध्ये कोणी नाही.

इथली बरीच ज्यू कुटुंबं 1938 साली मिळून निघाली आणि त्यांनी अक्कोच्या उत्तरेला शावेई त्सियोन हे गाव वसवलं. आजोबा त्यांच्यातलेच. त्याच वर्षी नोव्हेंबरात रेक्सिंगेनच्या सिनेगॉगला आग लावली गेली. भिंती वाचल्या. 1837 सालची ती वास्तू 1952 पासून प्रोटेस्टंट चर्च आहे. तिथं प्रार्थना होते याचं मला वाईट वाटत नाही. ओसाड पडण्यापेक्षा ते बरं. पण ज्यांच्यासाठी ती बांधली त्या माणसांचा आवाज तिथं पुन्हा घुमणार नाही.

आजोबांचं घर सापडलं. खालच्या गोठ्यात आता मोटार उभी असते. दाराच्या चौकटीवर रंगाचे थर चढलेत, तरी उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, बोटभर तिरकी खाच लागते. मेझुझाची, म्हणजे ज्यू घरांच्या दाराला लावतात त्या पवित्र वचनांच्या डबीची, जागा. मी तिला बोटं लावली आणि ओठांवर टेकवली, अलिबागच्या घरात लहानपणापासून करत आले तशी.

कब्रस्तान गावाबाहेर, झाडीतल्या उतारावर आहे. पणजोबांचा दगड भक्कम आहे, अक्षरांत शेवाळ भरलंय. मजकूर मात्र डाव्या अर्ध्यातच. उजवा अर्धा घासून गुळगुळीत केलेला आणि कोरा: पणजीसाठी राखलेला. म्हातारी म्हणून ती मागे राहिली. ऑगस्ट 1942 मध्ये स्टुटगार्टहून गाडीभर वृद्धांना तेरेझिएनश्टाटच्या नाझी छळछावणीत नेलं, त्यात तीही होती. कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. नवरा एकटाच होता. त्यानं एक स्तोत्र म्हटलं, दगडावर खडा ठेवला आणि त्या कोऱ्या भागावरून तळहात फिरवत राहिला.

परतताना मी म्हणाले, तिचं नाव कोरून घेऊ या. तो म्हणाला, नको. ती तिथं नाही, आणि का नाही, हे येणाऱ्याला दिसलं पाहिजे. त्याचं म्हणणं मला समजतं. पण ज्या बाईला माती मिळाली नाही, तिला निदान नवऱ्याशेजारी नाव तरी मिळावं, असं मला अजूनही वाटतं.